विश्लेषण : पिंजऱ्याआधी कॅमेरा का? विंचूरच्या शिवारातला बिबट्या वनविभाग कसा ‘पाहतो’?

ऊसतोडणी सुरू झाली की निफाड तालुक्यात बिबट्याच्या बातम्या वाढतात. विंचूर, लासलगाव, गोदाकाठची गावे, कुठे ना कुठे फडात पिल्ले सापडतात, कुठे गोठ्यातली शेळी जाते, कुठे वस्तीवरचा कुत्रा रात्रीतून नाहीसा होतो. गावकरी पिंजरा मागतात. वनविभागाचे कर्मचारी येतात आणि बऱ्याचदा पहिल्यांदा बांधावरच्या बाभळीला हिरवट-करड्या रंगाची एक डबी बांधून जातात. ‘पिंजरा मागितला आणि कॅमेरा दिला’ अशी नाराजी मग ऐकू येते. ही डबी नेमकी काय करते, ती कशी लावतात आणि तिच्यावरून पुढचा निर्णय कसा ठरतो, याविषयी...

कॅमेरा ट्रॅप म्हणजे काय?

नावात ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा असला तरी त्यात प्राणी अडकत नाही, अडकते ते फक्त त्याचे छायाचित्र. या डबीत कॅमेऱ्याबरोबर उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. समोरून आजूबाजूच्या हवेपेक्षा वेगळ्या तापमानाचे शरीर सरकले की संवेदक जागा होतो आणि सेकंदाच्या अंशात छायाचित्र किंवा चित्रफीत घेतली जाते. तारीख, वेळ आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत तापमानही त्यावर उमटते.

रात्रीसाठी अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात. त्यांचा उजेड माणसाच्या डोळ्याला जवळपास दिसत नाही. काही प्रकारांत अगदी मंद लाल ठिपका दिसतो, काहींत तोही नाही. म्हणून रात्रीची छायाचित्रे कृष्णधवल येतात. साध्या पेन्सिल सेलवर हा कॅमेरा अनेक आठवडे चालतो आणि छायाचित्रे मेमरी कार्डवर साठतात. सिमकार्ड टाकून छायाचित्र थेट मोबाइलवर पाठवणारे प्रकारही आता मिळतात.

ही कल्पना आली कुठून?

प्राण्याने स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढावे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्री काढलेली वन्यप्राण्यांची छायाचित्रे १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने छापली. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात तत्कालीन संयुक्त प्रांताच्या जंगलात पायवाटेवर तार ताणून वाघांची छायाचित्रे मिळवली. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेरा आणि झगझगाट एकदम सुरू होत असे.

या छायाचित्रांचा उपयोग मोजणीसाठी होऊ शकतो, हे १९९०च्या दशकात डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे दाखवून दिले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, तसेच प्रत्येक बिबट्याचे ठिपकेही. म्हणजे छायाचित्र हाच ओळखीचा पुरावा. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यात ७६,६५१ वाघांची आणि ५१,७७७ बिबट्यांची होती. कॅमेरा ट्रॅपद्वारे झालेले जगातील सर्वांत मोठे वन्यजीव सर्वेक्षण म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली.

चिंपांझी आणि बिबट्या, कॅमेरा एकच का चालत नाही?

कॅमेरा कुठे आणि कसा लावायचा, हे समोरच्या प्राण्याच्या स्वभावावर ठरते. टांझानियातील गोम्बे येथे जेन गुडाल १९६० मध्ये चिंपांझींच्या अभ्यासासाठी पोहोचल्या आणि १९६२ मध्ये छायाचित्रकार ह्यूगो व्हॅन लाविक तिथे चित्रण करू लागले. तेव्हा माणूस कॅमेरा घेऊन तासन् तास बसत असे. आज आफ्रिकेत अनेक ठिकाणी ते काम झाडाला बांधलेले कॅमेरे करतात. पश्चिम आफ्रिकेतील काही चिंपांझी ठराविक झाडांवर पुन्हापुन्हा दगड मारतात आणि त्या झाडांपाशी दगडांचे ढीग साचतात, ही गोष्ट अशाच कॅमेऱ्यांतून नीट नोंदली गेली आणि २०१६ मध्ये जगासमोर आली.

पण चिंपांझी हाताने वस्तू हाताळणारा, चौकस प्राणी आहे. कॅमेरा दिसला की तो वास घेतो, टक लावून पाहतो, कधी ओढूनही बघतो. म्हणून प्राणिसंग्रहालयात किंवा अभयारण्यात त्यांच्यासाठी कॅमेरा लावायचा तर तो जाड पेटीत, बोल्टने पक्का आवळून, समोर न फुटणारी पारदर्शक काच ठेवून लावावा लागतो. एडिंबरा प्राणिसंग्रहालयात तर चिंपांझींच्या हाती देण्यासाठी अशी भक्कम पेटी बनवली गेली. तिच्यातून त्यांनीच टिपलेली दृश्ये २०१० मध्ये बीबीसीने दाखवली.

बिबट्याचे उलट आहे. तो डबी ओढत नाही, बहुतेक वेळा तिच्याकडे लक्षही देत नाही. पण तो रात्री, दबक्या पावलाने आणि कडेकडेने चालतो. त्यामुळे इथे प्रश्न पेटीच्या मजबुतीचा नसून जागेचा असतो. निफाडमध्ये पेटी लागतेच, पण ती चोरी टाळण्यासाठी!

विंचूर परिसरात बिबट्या का राहतो?

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा गेल्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला. गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा इथूनच निघतात. बंधाऱ्यामागच्या गाळाने तयार झालेल्या पाणथळीला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये ती महाराष्ट्रातील पहिली रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. याच पाण्यावर निफाडची द्राक्षे, कांदा आणि ऊस उभा आहे.

ऊस वर्षभर, कधी दीड वर्षही शेतात उभा राहतो. आत सावली, गारवा, शेजारी पाट किंवा ओढा आणि माणसाची वर्दळ नाही. भक्ष्यही जवळच असते. मोकाट कुत्री, डुकरे, शेळ्या, वासरे, कोंबड्या, शिवाय मांजरे आणि ससे. बिबट्याच्या दृष्टीने ऊस हे घनदाट जंगलच आहे. कित्येक माद्यांची पिल्ले उसातच जन्मतात. अशा बिबट्याला ‘जंगलात परत सोडा’ म्हणणे सोपे, पण त्याने जंगल कधी पाहिलेलेच नसते.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या त्या शेतीपट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस असल्याचे दिसून आले. त्याच भागातील विष्ठेच्या तपासणीत बिबट्याच्या आहारातील ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यातही सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा ११ टक्के होता.

कॅमेरा लावण्याआधी काय पाहतात?

आधी खुणा शोधल्या जातात. ओलसर मातीतले ठसे, विष्ठा, झाडाच्या बुंध्यावरचे ओरखडे, ओढून नेलेल्या भक्ष्याचा माग. ठसा कुत्र्याचा की बिबट्याचा, हा पहिला प्रश्न. कुत्र्याच्या ठशात नखांच्या टोकांच्या खुणा दिसतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात त्या सहसा उमटत नाहीत. तरसाच्या ठशात मात्र नखे दिसतात आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. ‘बिबट्या आला’ म्हणून आलेल्या फोनमागे कधी तरस, कधी रानमांजर, कधी कोल्हाही निघतो.

मग प्राणी जाईल अशी वाट निवडली जाते. बिबट्या उभ्या पिकात घुसत फिरण्यापेक्षा मोकळ्या वाटेने चालणे पसंत करतो. पाणंद, बांध, चारीचा काठ, ओढ्याची कोरडी कड, दोन फडांमधली सरी, या त्याच्या वाटा. जिथे दोन वाटा मिळतात, तिथे कॅमेऱ्याला संधी अधिक.

प्रत्यक्ष मांडणी कशी होते?

काम साधे दिसते, पण चुका इथेच होतात.

*उंची :* बिबट्यासाठी कॅमेरा माणसाच्या गुडघ्याच्या आसपास बांधतात. छातीच्या उंचीवर लावला तर बिबट्या खालून निघून जातो आणि कार्डवर फक्त ये-जा करणारी माणसे सापडतात.

*अंतर :* वाटेपासून तीन-चार मीटर. फार जवळ लावला तर रात्रीच्या उजेडात अंग पांढरेफटक दिसते आणि ठिपके वाचता येत नाहीत. फार लांब लावला तर संवेदक कमी पडतो.

*दिशा :* तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको. उगवता-मावळता सूर्य समोर आला की छायाचित्र वाया जाते आणि संवेदकही फसतो. शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवतात.

*समोरची जागा :* उसाचे पाते आणि गवत हा सर्वांत मोठा शत्रू. उन्हाने तापलेले पाते वाऱ्याने हलले की संवेदकाला ते प्राणी वाटते. एका दुपारीत हलत्या पात्याची शेकडो छायाचित्रे साठतात, सेल उतरतात आणि रात्री बिबट्या येतो तेव्हा कॅमेरा बंद असतो. म्हणून समोरचे दोन-चार मीटर खुरप्याने साफ करतात.

*जोडी :* बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर डावीकडून टिपलेला आणि उजवीकडून टिपलेला बिबट्या एकच की दोन, हे सांगता येत नाही. म्हणून मोजणीसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात. ते अगदी समोरासमोर नसतात, थोडे मागेपुढे ठेवतात. नाहीतर एकाचा उजेड दुसऱ्याच्या डोळ्यात जातो.

*चाचणी :* शेवटी लावणारा स्वतः गुडघ्यावर बसून, रांगत कॅमेऱ्यासमोरून जातो. दिवा लुकलुकला तर मांडणी बरोबर. घड्याळाची वेळ तपासायची, कार्ड रिकामे आहे का बघायचे आणि मगच निघायचे. तारीख चुकलेले छायाचित्र पुरावा म्हणून कमकुवत ठरते.

उन्हाळ्यात एक अडचण वाढते. निफाडचा पारा हिवाळ्यात जितका खाली जातो, तितकाच एप्रिल-मेमध्ये वर चढतो. हवा आणि प्राण्याचे अंग यांच्या तापमानातला फरक कमी झाला की उष्णतेवर चालणारा संवेदक मंदावतो. दिवसा प्राणी समोरून जाऊनही छायाचित्र येत नाही, असे तेव्हा होते.

छायाचित्र मिळाले की काय कळते?

पहिली गोष्ट, तिथे खरोखर बिबट्या आहे का. दुसरी, किती आहेत. ‘परिसरात पाच-सहा बिबटे आहेत’ अशी चर्चा असते आणि ठिपके जुळवल्यावर कधी एकच मादी आणि तिची दोन मोठी पिल्ले निघतात. तिसरी, तो किती वाजता आणि कुठल्या वाटेने फिरतो. चौथी, तो जखमी किंवा अशक्त आहे का.

यातली प्रत्येक गोष्ट गावाच्या रोजच्या जगण्याशी जोडलेली आहे. शेतीपंपांना रात्रीची वीज असली तर शेतकऱ्याला अंधारात मोटार चालू करायला आणि बारे द्यायला जावे लागते. बिबट्या रात्री कुठल्या पाटाने जातो हे कळले, तर निदान त्या पाटावर एकट्याने जाणे टाळता येते. मादीसोबत लहान पिल्ले असल्याचे दिसले, तर त्या फडात तोडणी कधी आणि कुठल्या बाजूने सुरू करायची हे ठरवता येते.

पण मग थेट पिंजरा का नको?

याचे उत्तर जुन्नरने मोठी किंमत मोजून दिले आहे. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात शेतीपट्ट्यातून पकडलेले २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी, १९९३ ते २००१ दरम्यान, माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला चार होती. स्थलांतर सुरू झाल्यावर ती १७ वर गेली. ज्या जंगलांजवळ बिबटे सोडले, तिथेही हल्ले वाढले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातील हे आकडे आहेत.

कारणे समजण्यासारखी आहेत. अनोळखी जागी सोडलेला, माणसांच्या गर्दीतून आणि पिंजऱ्यातून गेलेला बिबट्या बिथरलेला असतो. तो तिथे थांबतही नाही. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ या बिबट्याला गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. तो चालत चालत शंभरहून अधिक किलोमीटर पार करून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. इकडे जुनी जागा रिकामी झाली की तिथे दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येतो.

शिवाय पिंजरा माणूस बघून निवड करत नाही. हल्ला एकाने केलेला असतो आणि पिंजऱ्यात येतो दुसराच. माणसावर हल्ला झाला असेल, तर तोच बिबट्या ओळखून पकडणे गरजेचे ठरते आणि ते कॅमेऱ्याशिवाय होत नाही. म्हणजे कॅमेरा हा पिंजऱ्याला पर्याय नाही. पिंजरा लावायचा की नाही आणि लावला तर कुठे, हे सांगणारा तो साक्षीदार आहे.

मात्र गावकऱ्यांच्या तक्रारीतही तथ्य आहे. कॅमेरा लावून कर्मचारी निघून गेले, आठवडाभर कार्ड कोणी पाहिले नाही आणि दिसले ते गावाला सांगितले नाही, तर त्या डबीचा गावाला काहीच उपयोग नाही. ज्या घरातले लेकरू अंगणात खेळते, त्या घराला छायाचित्राचे उत्तर त्याच दिवशी हवे असते.

पिल्ले सापडली तर कॅमेऱ्याचे काम काय?

ऊसतोडीत हे वारंवार घडते. कोयता थांबतो, पाचटात मांजरीएवढी पिल्ले दिसतात. आई जवळपासच असते, पण माणसांच्या आवाजाने दूर झालेली. पिल्ले उचलून गावात आणली, मोबाइलवर छायाचित्रे काढत हातोहात फिरवली, तर रात्री मादी त्यांच्या शोधात वस्तीकडे येते आणि तेव्हा धोका सर्वाधिक असतो.

योग्य पद्धत अशी, की तोडणी थांबवायची, गर्दी हटवायची आणि वनविभागाला कळवायचे. पशुवैद्यक पिल्ले तपासतात. संध्याकाळी ती जिथे सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली जातात आणि भोवती कॅमेरे लावले जातात. माणसे दूर जातात. अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट हुंगते, पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत अशा अनेक भेटी कॅमेऱ्यात टिपल्या गेल्या आहेत. जुन्नरजवळील माणिकडोह बिबट्या निवारा केंद्राच्या पथकांनी वनविभागासोबत हे काम वर्षानुवर्षे केले आहे. इथे कॅमेरा दोन गोष्टी सांगतो : पिल्ले आईनेच नेली आणि आता तो फड तोडायला मोकळा आहे.

शेतकऱ्याने स्वतः कॅमेरा लावला तर चालेल का?

आपल्या घराच्या, गोठ्याच्या किंवा मळ्याच्या राखणीसाठी सीसीटीव्ही लावण्यास हरकत नाही. आज विंचूर-लासलगाव भागातील कित्येक द्राक्षबागांत आणि कांदा खळ्यांवर ते आहेतही. बिबट्या दिसला तर ती चित्रफीत तारीख-वेळेसह वनविभागाला द्यावी. ती गटांवर फिरवण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या हद्दीतही हाच नियम लागू आहे. बिबट्या हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. छायाचित्रासाठी त्याला आमिष बांधणे, त्याचा पाठलाग करणे किंवा फास लावणे महागात पडू शकते.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. बिबट्याची वाट आणि माणसाची वाट बऱ्याचदा एकच असते. पहाटे पाणंदीने जाणाऱ्या बायाबापड्यांची छायाचित्रेही त्याच कार्डवर येतात. उत्तराखंडमधील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे सरपण-चारा आणायला जाणाऱ्या महिलांवर पाळत आणि दहशतीची वेळ आली, असे केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले. म्हणून कॅमेरा कुठे लावला आहे हे गावाला, विशेषतः महिलांना, आधी सांगणे आणि माणसांची छायाचित्रे लगेच पुसणे, हा शिष्टाचार नव्हे तर मांडणीचाच भाग मानायला हवा.

मोबाइलवर ‘आपल्या गावातला बिबट्या’ आला तर?

आधी पाहा, त्यावर तारीख आणि वेळ आहे का. मागे दिसणारे पीक, रस्ता, भाषा आपल्या भागातली आहे का. एकच जुनी चित्रफीत दरवर्षी वेगवेगळ्या गावांच्या नावाने फिरते. खात्री नसेल तर पुढे पाठवू नका. प्रत्यक्ष बिबट्या किंवा ताजे ठसे दिसले तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. ठशावर घमेले पालथे घालून ठेवा, म्हणजे पथक येईपर्यंत ते पुसले जात नाहीत.

कॅमेऱ्याची मर्यादा काय?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. पण ही मोजणी प्रामुख्याने वाघांच्या अधिवासातील जंगलांत झाली. उसातले बिबटे त्यात फारसे आलेले नाहीत. निफाडसारख्या तालुक्यात नेमके किती बिबटे आहेत, हे कळायला जंगलासारखीच शिस्तबद्ध, चौकोन आखून कॅमेरे लावलेली मोजणी शेतातही व्हावी लागेल. तक्रार आली की एक डबी बांधणे, हे त्याला पुरेसे नाही.

कॅमेरा हल्ला थांबवत नाही. ते काम बंदिस्त गोठा, अंगणातला दिवा, गावाबाहेर न टाकलेले मेलेले जनावर, दिवसा मिळणारी वीज आणि संध्याकाळी एकटे न सोडलेले मूल करते. आपल्या शिवारात कोण, किती आणि कुठल्या वाटेने फिरते, एवढेच कॅमेरा सांगतो. पण ते कळल्याशिवाय लावलेला पिंजरा हा अंधारात मारलेला दगड ठरतो.